बाळ ॲडमिट, आई नाही: एनआयसीयूतून बाहेर आलेल्या ३१ घरांचं प्रकरण

हे प्रकरण आमचंच आहे. म्हणजे ज्यांची बाळं दिवस भरायच्या आधी झाली अशा एकतीस घरांचं, आणि उत्तर महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी नवजात बाळांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेचं. गावाचं, दवाखान्यांचं, माणसांचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण यात काही घरांचं दुःख आहे आणि ते त्यांचं आहे. पण आम्ही कुठे चुकलो आणि काय केल्यावर खरंच उपयोग झाला हे सविस्तर लिहायचंय, कारण दर नोव्हेंबरला कुठल्या ना कुठल्या गावात आमच्यासारखाच एखादा ग्रुप "आपण पण काहीतरी करूया" म्हणून उभा राहतो आणि सुरुवात बहुतेक आम्ही केली तिथूनच करतो.

आधी माझं थोडक्यात सांगते. माझी मुलगी २०१९ च्या ऑगस्टमध्ये झाली, २९ आठवडे आणि ४ दिवस, वजन ११५० ग्रॅम. ४७ दिवस खाजगी एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात होती. आम्हाला दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं आत सोडायचे, बाकी सगळा वेळ बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर, सिझरचे टाके ताजे, मागे टेकता येत नाही आणि पुढे वाकता येत नाही. दर दोन तासांनी दूध काढायचं, सुरुवातीला २ मिली निघायचं, ते सिरिंजमधून आत जायचं. सिस्टर ती सिरिंज नळीला लावून नुसती वर धरायच्या, दट्ट्या काढून टाकलेला, दूध आपलं आपण हळूहळू खाली उतरायचं, मधेच थांबायचं, परत उतरायचं, आणि मी काचेतून ते २ मिली संपेपर्यंत श्वास धरून बघत बसायचे. सकाळी वजन सांगायचे. ११५० चं १०९० झालं, मग १०६५, आणि बाराव्या दिवशी कुठे परत ११५० झालं तेव्हा बाहेर बसलेल्या सगळ्यांनी, ज्यांची आम्हाला आडनावं पण माहीत नव्हती, त्यांनी आम्हाला पेढे दिल्यासारखं केलं. हा ग्रुप तिथेच झाला. सुरुवातीला सात घरं होतो, मग डिस्चार्ज होऊन जाणारे पुढच्यांना ॲड करत गेले.

२०२० आणि २०२१ करोनातच गेली, ग्रुपवर नुसतं बोलणं, वजनं, सर्दी, बसायला कधी लागलं, बोलायला कधी लागलं. २०२२ मध्ये कोणीतरी म्हणालं की १७ नोव्हेंबर हा जागतिक प्रीमॅच्युअर दिवस असतो, जांभळ्या रंगाचा, या वर्षी मुलांच्या वाढदिवसाचा खर्च कमी करून आपण कुठेतरी देऊया. सगळ्यांनी हो म्हटलं. आपलं बाळ घरी आलं याची एक परतफेड करायची असते ना मनात, तशी ती होती, अगदी मनापासून.

पहिली देणगी आणि पहिलं भांडण

तीन आठवड्यांत १,८४,००० रुपये जमले. त्याशिवाय बाळाचे कपडे, खेळणी, दुधाच्या पावडरचे चाळीस डबे आणि दोन खोकी फीडिंग बाटल्या. डबे आमच्यातल्याच एका मेडिकलवाल्या दादांनी दिले होते. ग्रुपचं ठरलं होतं की पैशातून सरकारी दवाखान्याच्या एसएनसीयूला एक वॉर्मर, म्हणजे बाळाला ऊब देणारं मशीन द्यायचं, त्यावर आपल्या सगळ्या मुलांच्या नावांची पाटी लावायची, आणि बाकी सामान संस्थेला. एसएनसीयू म्हणजे सरकारी दवाखान्यातलं आजारी आणि कमी वजनाच्या नवजात बाळांचं युनिट, आणि ही संस्था तिथल्या आयांबरोबर काम करते. एक निवृत्त बालरोगतज्ज्ञ मॅडम, दोन जुन्या सिस्टर, तीन समुपदेशक ताया, एवढीच संस्था.

आम्ही गाडी भरून गेलो आणि ताईंनी डबे आणि बाटल्या दारातूनच परत केल्या. कपडे ठेवून घेतले, पावडर नाही. त्यांनी सांगितलं की हा कायदा आहे, १९९२ चा, बाळाच्या दुधाची पावडर आणि फीडिंग बाटल्या अशा कोणी कोणाला दान म्हणून वाटायच्या नाहीत, अपवाद फक्त अनाथाश्रमाचा. आमच्यातल्या बऱ्याच जणांना हे पहिल्यांदाच कळलं. ज्यांनी डबे दिले होते ते दादा दुखावले, "एवढ्या प्रेमाने आणलंय आणि दारातून परत?", ग्रुपवर त्या रात्री दीडशे मेसेज पडले असतील, दोन घरांनी तर आपले पैसे परत द्या म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी आम्हाला बोलावून नीट समजावलं, आणि त्यांनी कायद्यापासून सुरुवात केली नाही, आतड्यापासून केली. वेळेआधी झालेल्या बाळाचं आतडं कच्चं असतं, त्याला सूज येऊन ते सडायला लागण्याचा एक आजार असतो आणि तो छोट्या बाळांचा जीव घेतो, आईचं दूध मिळालं तर तो धोका कमी होतो आणि पावडरच्या दुधावर वाढतो. एकदा डबा समोर आला की घाबरलेली, दमलेली, दूध येत नाही म्हणून रडणारी आई तिकडे वळते, मग काढणं कमी होतं, मग खरंच दूध आटतं. घरी गेल्यावर तो डबा परवडत नाही म्हणून एकाच्या जागी अर्धा चमचा पडतो, पाणी कुठलं असेल सांगता येत नाही. हे ऐकल्यावर दादा उठले आणि स्वतःच डबे गाडीत भरायला लागले. आज ते आमचे सगळ्यात पक्के माणूस आहेत.

वॉर्मरबद्दल पण मॅडम स्पष्ट बोलल्या. मशीन येतात, सरकारकडून येतात, कंपन्या देतात, फोटो होतात. मग तापमानाची प्रोब खराब होते आणि मशीन कोपऱ्यात उभं राहतं. "तुम्हाला द्यायचंच असेल तर आधी रात्री आठ वाजता या," म्हणाल्या.

रात्री आठ वाजता

आम्ही चौघं गेलो. युनिटच्या बाहेरच्या पॅसेजमध्ये नऊ बाया होत्या. कोणी साडी अंथरून झोपलेली, कोणी भिंतीला टेकून, एकीच्या बाजूला वडापावचा कागद. या सगळ्या आतल्या बाळांच्या आया. मला वाटलं यांना खाट का नाही. तर त्यांचा डिस्चार्ज झालेला होता.

ही गोष्ट आम्हाला एनआयसीयूत ४७ दिवस काढून पण कळली नव्हती. सरकारी योजनेत, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम जो २०११ पासून आहे, त्यात बाळंतपण फुकट, औषधं फुकट, आजारी बाळाचे उपचार फुकट, आणि आईला जेवण पण आहे, साध्या बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझरला सात दिवसांपर्यंत. योजना चांगली आहे, तिच्यामुळेच या बाया दवाखान्यापर्यंत पोचतात. पण बाळाला वीस-पंचवीस दिवस लागणार असतात. आई चौथ्या दिवशी कागदावर बरी होते. त्यानंतर ती पेशंट नसते, म्हणून तिला खाट नाही, जेवण नाही. बाळ ॲडमिट, आई नाही. (हे मी आमच्याकडचं त्या वेळचं लिहितेय, सगळीकडे असंच असतं असं नाही, काही ठिकाणी आयांसाठी वॉर्ड आहेत.)

आणि मग काय होतं, तर नवरा मजूर, घरी दोन पोरं, कापूस वेचणी चालू, गाव ८० किलोमीटर. दोन दिवस ती पॅसेजमध्ये काढते, तिसऱ्या दिवशी सासू म्हणते चल, बाळ तर डॉक्टर बघतायत. ती गेली की तिचं दूध गेलं. दूध गेलं की बाळाला छातीशी धरणं पण गेलं. किंवा उलटं, सगळे मिळून बाळालाच घेऊन जातात, कागदावर अंगठा देऊन, वजन १३०० ग्रॅम असताना.

छातीशी धरणं, म्हणजे केएमसी, कांगारू मदर केअर, याबद्दल मला वाटायचं की ही प्रेमाची गोष्ट आहे, केली तर छान. मॅडमनी सांगितलं की हा उपचार आहे. १९७८ च्या सुमाराला कोलंबियात बोगोटाच्या एका सरकारी दवाखान्यात इन्क्युबेटर कमी पडले म्हणून डॉक्टरांनी बाळं आईच्या उघड्या छातीवर बांधायला सुरुवात केली, तिथून हे आलं. आणि २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा मोठा अभ्यास आला, पाच देशांत, घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि आपल्याकडे दिल्लीचं सफदरजंग, ३२०० च्या वर बाळं, १ किलो ते १.८ किलोच्या आतली. एका गटाला नेहमीसारखं, बाळ स्थिर झाल्यावर केएमसी, आणि दुसऱ्या गटाला जन्मल्या जन्मल्याच, त्यासाठी आईची खाट नवजात युनिटच्या आत टाकली. दुसऱ्या गटात महिन्याभरातले मृत्यू एक चतुर्थांशाने कमी झाले, म्हणून तो अभ्यास मधेच थांबवला, कारण बाकीच्या बाळांना त्यापासून लांब ठेवणं योग्य नव्हतं. २०२२ पासून संघटनेची शिफारसच आहे की दिवसातले ८ ते २४ तास, शक्य तितके जास्त.

आठ तास! माझ्या मुलीला पहिल्यांदा माझ्या अंगावर दिलं तो सोळावा दिवस होता, वीस मिनिटं. मी त्या रात्री पॅसेजमध्ये उभी राहून ते वीस मिनिटं आठवत होते आणि समोर नऊ आया होत्या ज्यांच्याकडे आख्खा दिवस मोकळा होता, बाळ भिंतीपलीकडे होतं, आणि त्यांना बसायला खुर्ची नव्हती.

वॉर्मरची पाटी त्या रात्रीच बारगळली. कोणी ठराव वगैरे केला नाही, खाली उतरताना आमच्यातले एक काका एवढंच म्हणाले, "जेवणाचं बघू आधी."

पैसे कसे वापरले

दवाखान्यासमोर एका हार्डवेअरच्या दुकानावर रिकामा हॉल होता, तो आयांना राहायला मालकाने बिनभाड्याने दिला, त्यांचा नातू पण आठव्या महिन्यातला. गाद्या, पंखे, गिझर घराघरातून आले. जेवण एका बचत गटाकडे दिलं, दोन वेळचं आणि सकाळ-संध्याकाळ दूध, एका आईचे दिवसाचे १६० रुपये. सहा-सहा हजारांच्या चार खुर्च्या घेतल्या, मागे कलणाऱ्या, हाताला टेकू असलेल्या, पुसता येतील अशा रेक्झिनच्या, कारण युनिटमध्ये कापडी काही चालत नाही. त्या आत ठेवायला परवानगी मिळायला सहा आठवडे लागले. केंद्राच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, कुटुंबाला हात धुणं वगैरे शिकवून बाळाच्या देखभालीत सामील करून घ्या अशा, त्यांची प्रत घेऊन मॅडम तीनदा गेल्या. सिस्टर लोकांचा सुरुवातीला विरोध होता आणि त्यांची बाजू पण खरी होती, एका पाळीला दोन सिस्टर आणि वीस बाळं, त्यात बायांची गर्दी, इन्फेक्शन झालं तर जबाबदार कोण. महिन्याभरात त्याच सिस्टर म्हणायला लागल्या की खुर्ची भरलेली असली की बरं पडतं, बाळ गार पडलं, श्वास चुकला, तर आई सगळ्यात आधी हाक मारते.

आज्यांचं वेगळंच चाललं होतं. आमच्या ग्रुपमधल्या मुलांच्या आज्या, त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, त्यांनी आपापसात ठरवून डिंकाचे आणि अळिवाचे लाडू करून पाठवायला सुरुवात केली, "बाळंतीण आहे ती, तिला नुसती पोळी-भाजी काय देता." जुनी नऊवारी लुगडी धुऊन, उकळून, इस्त्री करून, बाळ बांधायला अडीच-अडीच मीटरचे तुकडे. बाळ बांधायच्या विकतच्या पट्ट्या आम्ही आणल्या होत्या, त्या तशाच पडून राहिल्या, आयांना लुगडंच आवडायचं, सवयीचं आणि मऊ.

पण हिशोबात आम्ही मोठी चूक केली. १,८४,००० मधून खुर्च्या गेल्या, राहिले १,६०,०००. एका वेळी सरासरी पाच आया, म्हणजे दिवसाला ८००, महिन्याला २४,०००. १ डिसेंबरला जेवण सुरू झालं आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पैसे संपले. ग्रुपला वाटत होतं की आपण एवढं दिलंय, वर्षभर चालेल. संस्थेने पण संकोचाने सांगितलं नाही. बचत गटाच्या ताईंचं पाच आठवड्यांचं बिल थकलं, त्यांनी एक दिवस पण डबा बंद केला नाही, स्वतःच्या घरचं किराणा उधार आणून चालवलं, आणि हे आम्हाला जुलैच्या शेवटी कळलं. मला आजही ते लिहिताना वाईट वाटतं. नोव्हेंबर आला की सगळ्यांना बाळं आठवतात, आणि जूनमध्ये शाळांच्या फिया असतात. बाळं मात्र जूनमध्ये पण वेळेआधी होतातच.

तेव्हापासून एकरकमी देणगीवर आम्ही अवलंबून राहत नाही. बावीस घरं महिन्याला ५०० देतात, बँकेतून आपोआप जातात, ते ११,००० ठरलेले. उरलेलं वाढदिवस, बारशी, संस्थेचे बाकीचे देणगीदार. मॅडम म्हणतात मला नोव्हेंबरच्या लाखापेक्षा हे ११,००० जास्त मोलाचे वाटतात, कारण त्यांच्या जिवावर मी बचत गटाला शब्द देऊ शकते.

"तिला दिसतं का?"

पैशाशिवाय दुसरी गोष्ट म्हणजे दर रविवारी आमच्यातले दोघं जण हॉलवर जाऊन बसतात. भाषण नाही, सल्ला नाही, ही अट मॅडमनी घातलेली. औषधाबद्दल एक शब्द बोलायचा नाही, ते सिस्टरना विचारायचं.

एक मुलगी होती, एकोणीस वर्षांची, पहिलंच बाळ, १२६० ग्रॅम. ती खुर्चीत बसायची पण बाळ घ्यायची नाही. हात पदराखाली. तिची आई, अहिराणी बोलणारी, मला म्हणत होती की ही बाळाकडे बघतच नाही. मी शेजारी बसले, मोबाइलमध्ये माझ्या मुलीचा तेव्हाचा फोटो होता, नाकात नळी, गालावर टेप, पायाला सेन्सरचा लाल उजेड, तो दाखवला, मग परवाचा शाळेचा दाखवला. तिने दोन्ही फोटो मोठे करून करून बघितले. मला वाटलं आता विचारेल वजन कसं वाढलं, दूध किती द्यायचे. तिने विचारलं, "ताई, तिला दिसतं का?"

तिला कोणीतरी सांगितलं होतं की काचेतली पोरं आंधळी होतात. आठ दिवस ते मनात धरून बसली होती, बाळाच्या डोळ्यांकडे बघायची भीती वाटत होती म्हणून बाळाकडेच बघत नव्हती.

आणि यात नुसतीच अफवा पण नाहीये, म्हणून तिला "काही नाही होत गं" म्हणून चालणार नव्हतं. डोळ्याच्या पडद्याच्या रक्तवाहिन्या पोटात असताना शेवटच्या महिन्यांपर्यंत वाढत असतात, बाळ आधी बाहेर आलं, ऑक्सिजन कमी-जास्त झाला, तर त्या वेड्यावाकड्या वाढू शकतात आणि पडदा ओढला जाऊ शकतो. याला आरओपी म्हणतात. पण वेळेत बघितलं तर लेझरने बहुतेक डोळे वाचतात. आपल्याकडे ३४ आठवड्यांच्या आधी झालेल्या किंवा २ किलोच्या खालच्या बाळाचे डोळे जन्मल्यापासून महिन्याच्या आत तपासायचे असतात, अगदी छोट्यांचे त्याच्याही आधी, आणि एकदा तपासून संपत नाही, पडदा पूर्ण वाढेपर्यंत दर एक-दोन आठवड्यांनी. समुपदेशक ताईंनी तिला हे सगळं सांगितलं, तारीख लिहून दिली. तिने तारीख दोनदा वाचली, आणि मग हात पदरातून बाहेर काढले. सिस्टरनी बाळ ठेवलं, टोपी, मोजे, लंगोट, बाकी उघडं, मान एका बाजूला, पाय बेडकासारखे, वरून लुगड्याचा तुकडा. ती अर्धा तास हलली नाही. पापणी पण जपून हलवत होती.

डोळ्यांची तपासणी आमच्याकडे मोठ्या शहरातच होते. गाडीभाडं दोन माणसांचं आणि दिवसाची मजुरी बुडते, त्यामुळे पहिल्या तपासणीला येतात आणि दुसरीला येत नाहीत. म्हणून आता भाडं आमच्या पैशातून जातं आणि आदल्या दिवशी आमच्यातलं कोणीतरी फोन करतं. हा फोन संस्थेच्या ताईंनी केला तर "बघतो" म्हणतात, आमच्यातल्या आईने केला की येतात, असं ताईंचंच म्हणणं आहे.

अजून एक समज हॉलवर सारखा ऐकू येतो, सातव्यातलं वाचतं पण आठव्यातलं वाचत नाही. आपल्या घराघरात आहे हा. चौतीस आठवड्यांच्या बाळाची आजी रडत बसलेली आणि तीस आठवड्यांची निर्धास्त, असं आम्ही पाहिलंय, आणि आठव्यातलं म्हणून घरच्यांनी आशाच सोडली की दूध काढायला, थांबायला कोणी आईला आग्रह करत नाही. पोटातला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो. हे पटवायला आमची मुलं कामी येतात. हार्डवेअरवाल्यांचा नातू खालीच सायकल चालवत असतो, आठव्यातला.

बापांचं काम उशिरा सुरू झालं. ते सगळे बाहेर चहाच्या टपरीवर असायचे. आमच्यातल्या एका दादाने तिथेच जाऊन बसायला सुरुवात केली, बाप पण छातीशी धरू शकतो हे सांगायला. आतापर्यंत मोजकेच तयार झालेत, पण जे झाले ते दुसऱ्या दिवशी स्वतःहून आंघोळ करून नंबर लावतात.

जी आमच्या ग्रुपमधून गेली

हे लिहू का नको असा विचार केला, तिला विचारून लिहितेय.

आमच्या पहिल्या सात घरांत एक मैत्रीण होती जिचा मुलगा १९ दिवस होता. ती ग्रुपवर राहिली, आमच्या मुलांची वजनं वाचत राहिली, शाब्बास म्हणत राहिली. २०२२ च्या त्या नोव्हेंबरात आम्ही "तेव्हा आणि आता" असे फोटो टाकायला लागलो, देणगी जमावी म्हणून, रोज पाच-सहा. ती ग्रुपमधून गेली. आमच्या लक्षात यायला पंधरा दिवस लागले, तेही गाद्यांची यादी करताना. मी तिच्या घरी गेले तेव्हा ती म्हणाली, "तुमच्या फोटोंचा राग नाही गं. माझ्याकडे आताचा फोटो नाहीये एवढंच."

मग ती बोलत राहिली. बाळ गेल्यावर आठ दिवस दूध येत होतं आणि ती मोरीत पिळून टाकत होती. कोणी सांगितलंच नाही की ते दुसऱ्या बाळाला देता येतं. मुंबईत सायनच्या दवाखान्यात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मानवी दुधाची बँक सुरू केली, त्यांनीच पुढे १९९९ मध्ये स्नेहा ही संस्था काढली, आणि अशा बँकांत दान देणाऱ्या आईच्या रक्ताच्या तपासण्या करून, दूध ६२.५ अंशावर अर्धा तास तापवून, गोठवून ठेवतात आणि ज्या बाळांना आईचं दूध मिळत नाही त्यांना देतात. "मला विचारलं असतं तर दिलं असतं," एवढंच ती म्हणाली. प्रत्येक आई देईल असं नाही, काहींना ते सहन होणार नाही, पण विचारायला कोणीतरी हवं होतं.

आम्ही तेव्हा-आताचे फोटो बंद केले. देणगी मागताना आता आम्ही खुर्चीचा फोटो टाकतो, लाडवांचा टाकतो, हिशोबाचा टाकतो. पैसे थोडे कमी येतात, येऊ देत. १७ नोव्हेंबरला हॉलवर जमतो तेव्हा ज्यांची बाळं राहिली नाहीत त्यांची पण नावं घेतो, ज्यांचं नाव ठेवायला वेळच मिळाला नाही त्यांचं "अमक्या ताईंचं बाळ" म्हणून घेतो. ती परत आली, ग्रुपवर नाही, हॉलवर. आत एखादं बाळ खालावत असलं की सिस्टर तिला फोन करतात. ती येते, त्या आईच्या बाजूला बसते. आम्ही तीस घरं मिळून जे करू शकत नाही ते ती करते, आणि ती तिथे काय बोलते हे आम्ही कधी विचारलेलं नाही.

घरी गेल्यावर

याच्याबद्दल थोडक्यातच, कारण यात आमचा वाटा कमी आहे. घरी गेलेल्या बाळाकडे आशाताई ठरावीक दिवसांनी जातात. ही पद्धत आपल्या गडचिरोलीतून देशभर गेली, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली आणि तिथला नवजात मृत्यूदर हजारी ६२ वरून २५ वर आला, १९९९ मध्ये तो अभ्यास छापून आला. आमची संस्था त्याच वाटेने, आशाताईंना छोट्या बाळांची यादी आधीच देते. आम्ही फक्त बाळाला गुंडाळून ठेवायच्या गरम पिशव्यांचं कापड आणि शिलाई देतो, आणि वजनकाट्याचे सेल. सेल संपल्यामुळे वजन झालं नाही असं खूपदा व्हायचं.

या सगळ्याने काय फरक पडला हे विचारलं तर मी जपून सांगेन. पहिल्या त्या सात महिन्यांत हॉलवर पंचावन्न आया राहून गेल्या, त्यातल्या दोघीच मधे घरी गेल्या, संस्थेच्या रजिस्टरला आहे. पण ज्यांना थांबायचंच होतं त्याच हॉलवर आल्या असतील असंही म्हणता येतं, आणि त्यांच्यातली पाच बाळं राहिली नाहीत, आईने खुर्ची सोडली नव्हती तरी. २०२० मध्ये भारतात ३० लाखांच्या आसपास बाळं वेळेआधी जन्मली, जगात सगळ्यात जास्त, त्यात आमचा हॉल म्हणजे किती ते आम्हाला कळतं. आणि मुळात त्या आईला दवाखान्यानेच खाट आणि ताट द्यायला हवं, हे आमचं काम नाहीये कायमचं, असं मला ठामपणे वाटतं. मॅडमनी तसा प्रस्ताव दिलाय, आमच्या सगळ्यांच्या सह्या आहेत त्यावर, दूध काढायच्या आणि साठवायच्या वेगळ्या खोलीची मागणी पण त्यातच आहे. प्रस्तावाला क्रमांक पडलाय, पुढचं बघायचंय.

तोपर्यंत हॉल चालू आहे. आज तिथे सात आया आहेत आणि गाद्या सहा, एक गादी उद्या आमच्या घरून जातेय. चारपैकी दोन खुर्च्यांचं रेक्झिन हाताच्या टेकूपाशी फाटलंय, रोज पुसून पुसून, ते या महिन्यात बदलून घ्यायचंय. आणि आज्यांकडची लुगडी संपत आलीत, कोणाकडे जुनी मऊ सुती नऊवारी असेल तर टाकू नका, आम्ही येऊन घेऊन जाऊ.